जुलैचा पहिला नंबर

वेस्टमीड, १८ एप्रिल २००८

प्रिय व्हॅल,

तुझा फोन लागत नाही, आणि लागतो तेव्हा मी लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांत बुडालेली असते, म्हणून पुन्हा कागद. कॉम्प्युटरवर मराठी लिहिणं तुला जमत नाही आणि मलाही. तुझं इंग्रजी वाचण्यापेक्षा तुझं भयंकर अक्षर वाचलेलं बरं.

बातमी अशी की आपल्या अ‍ॅरनचे व्हिसाचे कागद गेले. मेलबर्न सिटीतल्या एका कॉलेजात कुकरी शिकणार. हसू नकोस. माझ्या भावाला अंडं उकडता येत नाही हे मला तुझ्याआधीपासून माहीत आहे. पण एजंटने आईला सांगितलं की कुकरी केली की पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, नक्की, त्यामुळे सध्या अर्ध्या वसईतली मुलं आचारी व्हायला निघाली आहेत.

पप्पा गेल्यापासून आई त्याला नजरेआड करत नव्हती. ती तयार कशी झाली सांगू? "व्हॅलेंटाइनच्या घरी राहणार असेल तर जाऊ दे, नाहीतर नको." बहिणीचा मुलगा म्हणजे तिच्या लेखी स्वतःचाच. मी इथे सिडनीत दोन केरळी नर्सेसबरोबर एका फ्लॅटमध्ये राहते, आणि कॉलेज तुमच्या गावात. म्हणजे सगळं तुझ्यावर आहे.

तो फुटबॉल खेळतो, पण पॅरिशच्या दुसऱ्या संघात, डाव्या बगलेवर, आणि अर्ध्या तासात त्याला धाप लागते. दम्याचा पंप कायम खिशात असतो. तुझ्या संघात घेतलास तर आनंद, नाही घेतलास तर पाण्याच्या बाटल्या भरेल. घर मात्र दे.

व्हिसा हातात येईपर्यंत कोणाला बोलू नकोस. मागच्या वर्षी आमच्या शेजाऱ्यांनी आधी गावजेवण घातलं आणि मग नकार आला. आईने तेव्हापासून धसका घेतला आहे.

तुझी,
मिली


डँडेनॉन्ग, ४ मे २००८

प्रिय मिली,

अ‍ॅरनची काळजी सोड. मावशीला सांग, मी आहे. आणि कोणाला बोलणार नाही, ही काय सांगायची गोष्ट झाली?

मला तुझ्याकडून एक सल्ला हवाय. फुटबॉलचा आहे, म्हणून तुझ्याकडेच. इथे कोणाला विचारायची सोय नाही, सगळ्यांचे हात कुठे ना कुठे अडकलेले.

आपली इंडियन लीग तुला माहीत आहे, रविवारची, आठ संघांची. पण आमची 'निवड' तुला माहीत नसेल. फेब्रुवारीत आणि जुलैत विद्यार्थ्यांची नवी बॅच उतरते. ज्यांना खेळायचंय ती पोरं नोबल पार्कच्या मैदानावर येतात, तासभर आपसात खेळतात, आणि मग आठ मॅनेजर आळीपाळीने एकेकाला निवडतात. जो संघ तळाला, त्याचा पहिला नंबर. ज्याने निवडलं त्याने त्या पोराचं सगळं बघायचं. दोन महिने झोपायला जागा, नोकरीसाठी ओळख, पायात बूट. पूर्वी एक मुलगा स्टेशनवर झोपलेला सापडला, तेव्हापासून मोठ्या मंडळींनी हे ठरवलं.

तर, तळाला आम्ही आहोत. आमच्या किल्ला इलेव्हनचे जुने खेळाडू पीआर मिळाल्याबरोबर पांगले. कोणी ब्रिस्बेनला, कोणी बायकोच्या मागे. उरलेत चार गुडघे दुखणारे आणि बाकी नवशिकी पोरं, ज्यांना ऑफसाइड समजावून माझा घसा बसलाय. माझा विचार होता की दोन वर्षं मार खायचा, पोरं घडवायची आणि मग बघायचं. पण क्लेटनच्या संघाचा रविंद्र गुरुदत्तला सोडायला तयार आहे. गुरुदत्त कोल्हापूरचा, पेठेच्या तालमीकडून खेळलेला. तो बॉल घेऊन निघाला की गोलकीपर आधी आईची आठवण काढतो. बदल्यात रविंद्रला माझा जुलैचा पहिला नंबर हवाय, आणि पुढच्या फेब्रुवारीचाही.

देऊ का? तू अंकलची मुलगी. ते पॅरिशच्या संघाला शिकवायचे तेव्हा आपण दोघं लाईनीवर बसून चुका मोजायचो, आणि तुझं बरोबर यायचं. खरं काय ते सांग.

तुझा,
व्हॅल


वेस्टमीड, १५ मे २००८

प्रिय व्हॅल,

आधी आनंदाची गोष्ट. अ‍ॅरनचा व्हिसा आला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उतरेल. आईने रडून घेतलं आणि लगेच त्याच्या बॅगेत काय काय कोंबायचं त्यावर घरात भांडण सुरू केलं.

आता तुझा प्रश्न. दोन दिवस विचार केला, सेंट्रीफ्यूज फिरत असताना दुसरं काम नसतं.

पप्पांनी असा सौदा कधी केला नसता हे तुला माहीत आहे. नंदाखालचा तो स्ट्रायकर स्वतः चालून आला तेव्हा त्यांनी परत पाठवला होता, की आपली पोरं आपण घडवू. आम्ही त्यांचं कौतुक केलं. पण खरं बोलायचं तर त्यांनी घडवलेली सगळी पोरं शेवटी गल्फला गेली, आणि ढालींचं कपाट रिकामं ते रिकामंच राहिलं. घडवलेला खेळाडू आपला राहतो असं ते धरून चालायचे, आणि तुझ्या लीगमध्ये तर ते त्याहून कमी खरं आहे. तुझं आज निवडलेलं पोरगं दोन वर्षांत पीआर घेऊन पर्थला जाईल. मग भविष्य साठवून तू काय करणार? शिवाय नवशिक्यांना कोणीतरी बघायला लागतं. रोज चार-शून्यने हरून कोणी शिकत नाही, फक्त मान खाली घालायची सवय लागते.

म्हणून माझं मत, जुलैचा दे, फेब्रुवारीचा देऊ नकोस. एवढ्यावर रविंद्र ऐकत नसेल तर दोन्ही दे. आणि त्यात जीव अडकवू नकोस. नंबर हा नंबर असतो. पोरगा मैदानावर उभा राहीपर्यंत त्याला ना चेहरा असतो ना आई.

अ‍ॅरनला त्या निवडीत उभं करणार नाहीस ना? तो घरचा आहे, त्याला कसली निवड. फक्त विचारते.

मिली


डँडेनॉन्ग, २ जून २००८

प्रिय मिली,

तू अंकलच्याही पुढे गेलीस. दिला. दोन्ही नंबर द्यावे लागले, पण गुरुदत्त आमचा झाला. पहिल्याच मॅचला दोन गोल. पहिल्या गोलनंतर माझी नवशिकी पोरं त्याच्या अंगावर अशी पडली की मला वाटलं, विकत घेतलेला माणूस इथेच मोडणार. चार वर्षांत पहिल्यांदा मी मैदानावरून घरी शिट्टी वाजवत आलो. फॅक्टरीत सोमवारी पॅकिंग लाईनवर दोन पंजाब्यांनी हात मिळवला. "भाई, क्या टीम बनाया है."

अ‍ॅरनसाठी फोस्टर स्ट्रीटवरून गादी आणून ठेवलीय. एअरपोर्टवर मी स्वतः जाईन, शिफ्ट बदलून घेतलीय. मावशीला सांग, लोणचं पाठवू नको, कस्टमवाले काढून घेतात.

तुझा,
व्हॅल


वेस्टमीड, २१ जुलै २००८

व्हॅल,

काल अ‍ॅरनशी बोलत होते. मागून कोणीतरी ओरडलं, "गुरुदत्त, चहा टाक." मी म्हटलं, अरे वा, तुमचा स्टार घरी आलाय वाटतं. तो म्हणाला, "ताई, ते मला म्हणतात."

खोदून विचारलं तेव्हा कळलं की तो तुझ्याकडे नाहीच. क्लेटनला रविंद्रच्या पोरांबरोबर एका घरात आहे, हॉलमध्ये झोपतो. उतरल्यावर एक रात्र तुझ्या त्या गादीवर, आणि रविवारी नोबल पार्कला नेऊन तू त्याला रांगेत उभा केलास. रविंद्रने जुलैच्या पहिल्या नंबराला बोट दाखवलं ते त्याच्याकडे. गुरुदत्तच्या बदल्यात आलेला म्हणून घरातली पोरं त्याला गुरुदत्त म्हणतात. हे हसत हसत सांगत होता, आणि मला त्याचं हसणं ऐकवत नव्हतं.

आणि आई? आईला तो रोज सांगतो की व्हॅलदादाच्या घरी आहे, मजेत आहे. असं सांगायला कोणी सांगितलं, तर म्हणाला तू. मला फोनवर तू भेटणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून लिहिते. हे काय आहे?

मिल्ड्रेड


डँडेनॉन्ग, २९ जुलै २००८

मिली,

रागावणार हे माहीत होतं, म्हणूनच लगेच सांगितलं नाही. शांतपणे ऐक.

नियम माझा नाही. ज्याला खेळायचंय त्याला निवडीत उभं राहावं लागतं, घरचा असो की दारचा. नाहीतर प्रत्येक मॅनेजर म्हणेल हा माझा चुलतभाऊ, तो माझा मेव्हणा. आणि दुसऱ्या संघाने निवडलेल्या पोराला आपल्या घरी ठेवायचं नाही, हाही नियम, नाहीतर लोक पोरं पळवतात. मला वाटलं होतं की रविंद्र दुसऱ्या कोणाला घेईल आणि दुसऱ्या फेरीत मी अ‍ॅरनला उचलेन. त्याने त्यालाच घेतला. त्यात मी काय करणार? मला काय आनंद झाला?

रविंद्रचं घर वाईट नाही. हीटर आहे. अ‍ॅरनला कॅफेत कामही मिळवून दिलंय, माझ्याकडे असता तर फॅक्टरीच होती. मावशीला आत्ताच सांगून तिची झोप उडवण्यात काय अर्थ? दोन महिने संपले की त्याला हवं तिथे राहता येतं. मी स्वतः आणेन.

आणि एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहितो. मी तुला विचारून दिला होता. "नंबर हा नंबर असतो, त्याला ना चेहरा असतो ना आई." ही वाक्यं माझी नाहीत, तुझी आहेत. तू नको म्हणाली असतीस तर मी दिला नसता. आता सगळं माझ्या एकट्याच्या माथी मारू नकोस.

तुझा,
व्हॅल

ता. क. आम्ही पाचव्या नंबरवर आलोय.


वेस्टमीड, १८ ऑगस्ट २००८

व्हॅल,

तुझं पत्र आल्यावर मी खरंच आठवडाभर स्वतःला दोष देत होते. नाईट ड्युटीवरची डॉक्टर मला म्हणाली, तुला बरं नाहीये, घरी जा. मला वाटत होतं की मीच माझ्या भावाला देऊन टाकलं. तुला हेच हवं होतं, आणि ते तुला मिळालं होतं.

मग परवा रविंद्रचा फोन आला. पुण्याचा आहे ना तो? मृदू बोलतो, ताई ताई करतो. त्याआधीच्या रविवारी मॅचमध्ये अ‍ॅरन कोसळला. धाप लागून गुडघ्यांवर बसला, ओठ निळे पडले होते. पंप बॅगेत होता आणि बॅग गाडीत. रविंद्रने स्वतः गाडीत घालून त्याला हॉस्पिटलला नेलं. आता बरा आहे, कामावर जातो. पण तो माणूस मला विचारत होता, "ताई, त्याला दमा आहे हे आम्हाला कोणीच कसं सांगितलं नाही? व्हॅलेंटाइन तर म्हणाला होता, वसईचा सर्वांत चांगला मिडफिल्डर, पूर्ण मॅच न थांबता पळतो."

मी म्हटलं, कधी म्हणाला होता? तो म्हणाला, सौदा ठरला तेव्हाच. रविंद्रला नुसता नंबर नको होता. म्हणत होता, जुलैत कोण येईल कोणाला ठाऊक. तेव्हा तू सांगितलंस की जुलैत माझा मावसभाऊ येतोय, तो तुझा. मग त्याने हात मिळवला. आणि हे एप्रिल संपता संपता झालं, व्हॅल. माझं पत्र तुझ्या हातात पडून आठवडाही झाला नसेल. अजून व्हिसा आला नव्हता. कोणाला बोलू नकोस असं मी लिहिलं होतं.

मग चार मेला तू मला कशाबद्दल विचारत होतास? सौदा झालेला होता. तुला सल्ला नको होता, तुला माझी सही हवी होती, पुढे दाखवायला. मी फुटबॉलचं उत्तर दिलं. कारण तू मला फुटबॉलचा प्रश्न विचारलास आणि त्यातला माणूस काढून ठेवलास. तू एक ओळ लिहिली असतीस की जुलैचा नंबर म्हणजे अ‍ॅरन, तर मी त्याच दिवशी ट्रेन पकडली असती.

अजून एक. त्याची निवड होत होती तेव्हा तू त्याला सांगितलंस, "पंप दाखवू नकोस, कोणी घेणार नाही." हे त्याने आपणहून सांगितलं नाही, मीच त्याच्याकडून काढून घेतलं. तो अजूनही म्हणतो, "दादाने माझ्या भल्यासाठी सांगितलं." तो स्वतःला अपयशी समजतोय. त्याला वाटतं की तू त्याच्याबद्दल एवढं चांगलं बोललास आणि त्याला तसं खेळता आलं नाही.

आपण सोळा वर्षं एका वर्गात बसलो. मला तुझ्याबद्दल असं काही कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

मिल्ड्रेड


डँडेनॉन्ग, २२ सप्टेंबर २००८

प्रिय मिली,

महिनाभर काय लिहावं कळत नव्हतं. जे झालं ते झालं. माझं चुकलं, असं धरून चाल. पण तुला एक कळायला हवं की मी चार वर्षं तळाला होतो. दर रविवारी लोक मला बघून हसायचे. फॅक्टरीत मी लाईनवरचा एक माणूस, कॉलेज केलं त्याचा उपयोग शून्य, मैदानावर तरी कोणीतरी होतो. रविंद्र नाही म्हणून निघून चालला होता, आणि तोंडातून निघालं. मला वाटलं, अ‍ॅरन येईपर्यंत काहीतरी जमवू.

आता ऐक काय झालं. सेमीफायनलला पाच दिवस राहिलेले असताना गुरुदत्तने फोन करून सांगितलं की त्याला पर्थजवळ खाणीत नोकरी लागलीय, परवा निघतोय. नुसता फोन. मी त्याच्यासाठी दोन नंबर दिले, घरात जागा दिली, आणि हा माणूस भेटायलाही आला नाही. ज्या विश्वासाने मी त्याला आणला त्याचं त्याला काहीच नाही. सहा-एकने हरलो. मी दोन दिवस कामावर गेलो नाही. असा विश्वासघात कोणी करेल असं वाटलं नव्हतं. हे मी तुलाच सांगू शकतो.

पण वाईटातून एक चांगलं निघतंय. दोन महिने झाले, पण नाव त्यांच्या संघात आहे तोवर अ‍ॅरनला माझ्या घरी ठेवता येत नाही. रविंद्रला आता त्याचा तसा उपयोग नाही. माझा फेब्रुवारीचा दुसऱ्या फेरीतला नंबर दिला तर तो अ‍ॅरनला आमच्याकडे सोडायला तयार आहे. म्हणजे नियमात बसवून तो माझ्या घरी येईल आणि मावशीला सांगितलेलंही खरं होईल. नंबर जरा महाग पडतोय, पण मी द्यायला तयार आहे. तू काय म्हणतेस, देऊ का?

तुझाच,
व्हॅल


वेस्टमीड, ६ ऑक्टोबर २००८

व्हॅलेंटाइन,

अ‍ॅरनला सोडवून घ्यायची गरज नाही. मी मागच्या आठवड्यात येऊन गेले, तुला कळवलं नाही. फूट्स्क्रेला त्याच्या वर्गातल्या एका नेपाळी मुलाबरोबर त्याने खोली घेतलीय. छोटी आहे, खिडकी मात्र चांगली आहे. त्याने मला डाळ-भात करून घातला. डाळ कच्ची होती आणि आम्ही दोघांनी ती संपवली. पंप उशाशी ठेवतो. बूट त्याने रविंद्रला परत दिले. रविंद्र घेत नव्हता, हा देऊन आला. आता कोणत्या संघात आहेस असं विचारलं तर म्हणाला, "कुठल्याच नाही, ताई." तुझ्या घराकडे ट्राम येत नाही, ट्रेनने जावं लागतं, म्हणून तुझ्याकडे येणं झालं नाही असं मी त्याला सांगितलं. त्याने ते खरं धरलं नाही.

गुरुदत्तबद्दल मला वाईट वाटत नाही. त्याने निदान तुला फोन केला.

आता घरचं. मागच्या रविवारी आईने चर्चमध्ये आभाराच्या प्रार्थनेची मिस्सा लावली होती. फादरनी माईकवरून हेतू वाचून दाखवला, "व्हॅलेंटाइनसाठी, ज्याने परक्या देशात माझ्या मुलाला आपल्या घरात ठेवून घेतलं." तुझी आई, फ्लाविया मावशी, माझ्या आईच्या शेजारी बसली होती. सगळं चर्च मागे वळून तुझ्या आईकडे बघत होतं, आणि मिस्सा झाल्यावर बायकांनी तिला मिठ्या मारल्या. आईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा ती इतकी खुश होती की मी रिसीव्हर तोंडापासून लांब धरला, माझा श्वास तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी सांगणार होते. शब्दसुद्धा जुळवले होते. अ‍ॅरन म्हणाला, नको, मावशी चर्चमध्ये मान वर करून चालते, तिचं काय होईल. माझ्या भावाने तुझ्या आईचा विचार केला, व्हॅलेंटाइन. म्हणून मी गप्प बसले आहे आणि यापुढेही बसेन. गावात तुझं नाव चांगलं राहील. मला त्याचा संताप येतो, रोज येतो, आणि तो कोणापुढे काढायचीही सोय तू ठेवलेली नाहीस. तू माझा सगळ्यांत जवळचा माणूस होतास आणि आता पाकिटावर तुझं अक्षर दिसलं की मी ते दोन-दोन दिवस फोडत नाही.

आईने तुझा पत्ता मागितला. तिला स्वतःच्या हाताने तुला आभाराचं पत्र लिहायचंय. मी दिला आहे. दहा-बारा दिवसांत येईल. ते फोड, शेवटपर्यंत वाच आणि तिला उत्तर लिही. काय लिहायचं ते मला विचारू नकोस.

मिल्ड्रेड